काळी-पांढरी

औसा रोडवर, तळघरात, आमचं बोगद्याचं यंत्र.
वर क्लासेसचे फलक, खाली आम्ही.
चावी, मोबाइल, जोडवी, कमरेची साखळी,
लोखंड-चांदी सगळं बाहेर ठेवा
म्हणतो मी दिवसातून अठरा वेळा.

निलावती सोनकांबळे, अठ्ठावन्न.
जोडवी निघेनात. साबण लावला.
"उभं राह्यलं की पायाला मुंग्या,
वाकलं की बरं वाटतंय," म्हणाली,
"देवानं माझं उलटंच करून ठिवलंय."
मी मान हलवली. माझ्या हातात एवढंच.
निदान सांगायचा हक्क वरच्या मजल्यावर बसतो.

पंचवीस मिनिटं हलायचं नाही.
"मग झोपू का?"
झोपा.

काचेच्या अलीकडे मी, पडद्यावर पाठ,
नवी विहीर खोदताना जमीन दिसते तशी,
एकेक थर उघडत जाणारी.
मधे मणका. त्याच्या दोन्ही अंगांना
हाडाला अगदी चिकटून दोन लहान स्नायू,
ज्यांचं नाव परीक्षेत मी तीनदा चुकलो.
ओझं उचलणारे ते नव्हेत.
एका मणक्याला दुसऱ्यावर धरून ठेवायचं,
घसरू द्यायचं नाही, एवढीच त्यांची चाकरी.
बैल नव्हे, बैलाच्या गळ्यातलं जोतं.

ते काळे दिसायला हवेत.

आमच्याकडे रानाला काळी म्हणतात,
वस्तीला पांढरी.
काळीत पिकतं, पांढरीत माणसं राहतात.
बाईंच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी
काळीत पांढरी शिरलेली.
आधी धाग्याधाग्यानं आली असेल,
मग एखादं घर, मग दुसरं,
उजव्या अंगाला तर अख्खी आळी.
बांध जागच्या जागी.
बाहेरून मोजणी केली तर क्षेत्र जवळपास तेवढंच भरेल,
सातबाऱ्याला पत्ता नाही.
आत चरबी.

पोटाकडचे दोन मोठे मात्र अजून काळेभोर.
मांडी उचलणारे, वाकवणारे.
त्यांना कधी रजाच मिळाली नसावी.

मधेच धडधड थांबली.
दोन सिक्वेन्सच्या फटीत, माइकमधून,
झोपेतला आवाज आला:
"अजून एक घे, गरम हाय."

हात माउसवर तसाच राहिला.

पत्र्याची खाणावळ. बारावीची पोरं, दोन पंगतींत ऐंशी ताटं.
कोपऱ्यात परात, परातीवर वाकलेली एक बाई,
तोंड चुलीकडे, आमच्याकडे पाठ.
दोन वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली मी
आणि तिचं तोंड नीट पाहिलं नाही.
हिरव्या लुगड्यावर पिठाची बोटं उमटलेली पाठ,
तेवढीच ओळख.
मागे न बघता हात लांबवायची
आणि नेमकी भूक असलेल्याच्या ताटात भाकरी पडायची.
मी डॉक्टर होणार होतो.
सत्तावीस गुणांनी तळघरात उतरलो.

आज तीच पाठ, आतून.

वरच्या मॅडम तिला सांगतील:
पालथं झोपायचं, बेंबी आत ओढायची,
गुडघ्या-हातांवर येऊन एक पाय मागं,
दहा मोजायचे, सोडायचा.
रोज. कंटाळा आला तरी.
गेलेली काळी सहसा परत मिळत नाही,
राहिलेली कसता येते.
मॅडम हे असं सांगणार नाहीत,
त्या पुण्याच्या आहेत.
त्या टक्के सांगतील.

टेबल बाहेर आलं. बाई कुशीवर वळली,
कोपर टेकलं, मग तळहात, मग उठली.
मला ओळखायचं काही कारणच नव्हतं.
"फोटो चांगला आला का, बाळा?"
आला, म्हणालो.

जोडवी घालायला खाली वाकली
आणि घालून झाल्यावरही
तशीच वाकून राहिली उलीसं,
बरं वाटत असावं.

पुढचा नंबर मी लगेच पुकारला नाही.